दाताचा फोटो कसा काढावा, कसा वाचावा: रूट कॅनॉल करणाऱ्या नव्या डेंटिस्टसाठी

“डॉक्टरानू, दुकता तो दात ह्यो. फोटो कित्याक?”

मालवणच्या आसपास दवाखाना चालवायचा तर हा प्रश्न ऐकायची तयारी ठेवा. बोट ठेवून दाखवलेल्या दाताचा पुन्हा फोटो काढायचा म्हणजे डॉक्टर बिल वाढवतो, अशी समजूत असते. मी एवढंच म्हणतो, “विहीर मारायच्या आधी पाणाड्याला बोलावता, मग दातात ड्रिल मारायच्या आधी मलाही आत बघू दे की.” हसतात आणि तोंड उघडतात. पाणाड्याचा अंदाज चुकतो तसा एक्स-रेही फसवतो, हे मात्र त्यांना सांगत नाही. ते तुम्हाला सांगायचं आहे.

तुम्हाला म्हणजे बीडीएस होऊन गावी परतलेल्या, तालुक्याच्या ठिकाणी खुर्ची टाकलेल्या मुलामुलींना. तुमच्याकडे भिंतीवरचं ६५-७० केव्हीचं मशीन, एक आरव्हीजी (तोंडात ठेवायचा डिजिटल) सेन्सर, लॅपटॉप आणि इन्व्हर्टर आहे असं धरतो. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, नाही असंही धरतो. ज्यांचं रूट कॅनॉल सध्या अर्ध्यावर आहे अशा पेशंटनीही वाचायला हरकत नाही. खुर्चीत बसल्यावर पाच-सहा वेळा फोटो का काढतात, हे कळेल.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. एक्स-रे ही सावली आहे. गालाकडचं, मधलं आणि जिभेकडचं असं सगळं एकावर एक पडून सपाट झालेलं असतं. म्हणून एका कोनातून काढलेल्या एकाच फोटोच्या भरवशावर मी दात उघडत नाही. पूर्वी उघडायचो. त्याचा किस्सा पुढे येईल.

मशीन, सेन्सर आणि आपली हवा

मशीन घेतलं की एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, ई-लोरा पोर्टलवर नोंदणी करायची. हे काम एजंटवर सोडून विसरून जाऊ नका, कागद स्वतःच्या फाइलमध्ये हवेत. बटण दाबताना ट्यूबपासून किमान २ मीटर लांब, किरणांच्या रेषेशी ९० ते १३५ अंशांच्या कोनात उभं राहायचं किंवा भिंतीआड जायचं. गाळा छोटा असला तर खुर्ची बसवण्याआधीच ही जागा आखून घ्या, नंतर प्लंबिंग हलवणं महाग पडतं.

किनाऱ्यावर सेन्सरचा खरा शत्रू खारी हवा. यूएसबीच्या पिना काळ्या पडतात, मग फोटो मध्येच तुटतो आणि सॉफ्टवेअरला दोष जातो. रात्री सेन्सर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतो. मृगाच्या आधी पुड्या बदलतो. केबल बोटाभोवती गुंडाळायची नाही, सैल वेटोळं करायचं. सेन्सर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात, टाकता येत नाही, त्यामुळे दर पेशंटला नवं प्लास्टिक कव्हर आणि मधे कंपनीने सांगितलेल्या द्रावणाने पुसणं, यात सवलत नाही.

अजून फिल्म वापरत असाल तर एप्रिल-मे सांभाळा. डेव्हलपरची पुस्तकी वेळ २० अंशांना पाचेक मिनिटं अशी असते. आपल्याकडे त्या दिवसांत डार्करूम ३२ अंशांवर असते. ‘अंदाजाने काळी झाली की काढली’ असं केलं की फिल्म धुरकट येते आणि मुळाच्या टोकाचं काहीच कळत नाही. थर्मामीटर लावा, बाटलीवरचा तापमान-वेळेचा तक्ता भिंतीला चिकटवा आणि टाकी थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवा.

फोटोच्या आधी: दात कोणता?

एक्स-रे कुठला दात दुखतो ते सांगत नाही. पल्पायटिसचा फोटो निघत नाही. आतली नस सुजून माणूस रात्रभर जागा असला तरी फोटो अगदी स्वच्छ येऊ शकतो. हाडातला ३० ते ५० टक्के खनिजभाग गेल्याशिवाय मुळाजवळचा काळा डाग साध्या फोटोत नीट दिसत नाही, आणि बिघाड आतल्या स्पंजासारख्या हाडापुरताच असेल, बाहेरची कडक भिंत शाबूत असेल, तर तेव्हाही चुकवतो. ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही.

म्हणून आधी विचारपूस. थंडाने कळ येते की गरमाने? कळ लगेच जाते की रेंगाळते? रात्री झोपेतून उठवते का? चावताना दुखतं की चावून सोडताना? सोडताना दुखत असेल तर दाताला तडा गेल्याचा संशय घ्या.

मग थंडाची चाचणी. स्प्रे नसेल तर इंजेक्शनच्या सुईच्या टोपणांत पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा, बर्फाच्या बारीक कांड्या तयार मिळतात. दात कोरडा करून, आधी शेजारच्या किंवा पलीकडच्या चांगल्या दातावर लावून पेशंटला ‘नॉर्मल’ कसं वाटतं ते कळू द्या, मग संशयित दातावर. त्यानंतर आरशाच्या दांड्याने ठोकून बघणं, हिरडी दाबून बघणं, पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यामधली खोबण) मोजणं. हिरडीवर पू येणारी पुटकुळी असेल तर २५ किंवा ३० नंबरचा गटापर्चा पॉइंट (कॅनॉल भरायची रबरासारखी बारीक काडी) हलकेच त्या भोकातून जाईल तिथवर सरकवा आणि फोटो काढा. पॉइंट ज्या मुळापाशी थांबला, पू तिथून येतो. पुटकुळी ३५ (खालची डावी दुसरी उपदाढ) समोर आणि पॉइंट ३६ (तिच्या मागची पहिली दाढ) च्या मेझियल, म्हणजे पुढच्या बाजूच्या, मुळाशी, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

हे सगळं केसपेपरवर लिहा आणि मगच ट्यूबला हात लावा. उलट क्रमाने गेलात तर डोळे फोटोत जे दिसेल त्यालाच दुखणं चिकटवतात.

पहिला फोटो

माझ्याकडे रूट कॅनॉलच्या संशयित दाढेचे सुरुवातीचे तीन फोटो होतात: एक सरळ आयओपीए (एक-दोन दात मुळासकट दाखवणारा छोटा फोटो), एक मशीनची नळी आडवी सरकवून काढलेला आयओपीए आणि एक बाइटविंग (दात मिटून काढलेला, वर-खालच्या दातांचे वरचे भाग दाखवणारा). बाइटविंग बरेच जण गाळतात. पण कीड हाडाच्या पातळीच्या किती जवळ पोचली आहे, म्हणजे दात पुढे कॅपला उपयोगी आहे की नाही, आणि पल्प चेंबरचं, म्हणजे दातातल्या नसेच्या पोकळीचं, छत किती खाली आहे, हे बाइटविंगमध्ये जितकं खरं दिसतं तितकं आयओपीएत दिसत नाही. कॅप बसणारच नसेल तर रूट कॅनॉल करून पेशंटचे पैसे कशाला घालवायचे?

आयओपीए शक्यतो होल्डर लावून, पॅरलल पद्धतीने. सेन्सर दाताच्या उभ्या अक्षाला समांतर आणि किरण दोघांना काटकोनात. समांतर ठेवायचा तर सेन्सर दाताला चिकटून राहत नाही, वरच्या जबड्यात टाळूच्या मध्याकडे आणि खाली जिभेच्या बाजूला थोडा दूर जातो. नवी मुलं इथेच घाबरतात आणि तो दाताला टेकवतात. टेकवला की तिरका होतो, तिरका झाला की मूळ लांब किंवा आखूड दिसतं. पेशंटला होल्डरच्या ब्लॉकवर दात मिटायला सांगा, खालचा दात आणि ब्लॉक यांच्या मधे कापसाची गुंडाळी ठेवली की पकड बसते. मुळाच्या टोकापलीकडे किमान २-३ मिमी हाड दिसलंच पाहिजे. टोक कापलं गेलं असेल तर तो फोटो बाकी कितीही सुंदर असो, रूट कॅनॉलला निरुपयोगी.

टाळू उथळ असला किंवा मूल लहान असलं की समांतर जमत नाही. मग बायसेक्टिंग: दाताचा अक्ष आणि सेन्सर यांच्यातल्या कोनाच्या दुभाजकावर किरण काटकोनात टाकायचे. डोकं सरळ ठेवून सुरुवातीला हे अंश धरा. वर पुढचे दात +४०, सुळा +४५, उपदाढा +३०, दाढा +२०. खाली पुढचे दात −१५, सुळा −२०, उपदाढा −१०, दाढा −५. फोटोत मूळ आखूड आलं तर कोन जास्त झाला, लांब आलं तर कमी झाला. वरच्या दाढांत गालाच्या हाडाची पांढरी कमान मुळांवर येऊन बसते. कोन जास्त दिला की ती अजून खाली उतरते, समांतर धरला की बरीचशी वर राहते.

ओकारी हा दाढांच्या फोटोचा कायमचा रडगाणा विषय. उपाय साधे आहेत. मशीनची सगळी सेटिंग आधी करून ठेवा, सेन्सर सर्वात शेवटी तोंडात. पेशंटला नाकाने श्वास घेत एक पाय खुर्चीवरून उचलून धरायला सांगा, लक्ष पायाकडे जातं. जिभेच्या टोकावर मिठाची चिमूट ठेवूनही कित्येकांची ओकारी थांबते. पुढच्या दातांचे फोटो आधी आणि वरच्या दाढा शेवटी घ्या. तरीही नाही जमलं तर सुन्न करणारा स्प्रे टाळूला. सेन्सर मात्र तुम्ही किंवा तुमच्या असिस्टंटने बोटाने धरून ठेवायचा नाही, कधीच नाही. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूट कॅनॉलची लांबी पाहायला एक्स-रे वापरायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षं किरणांत हात घातल्याने आधी बोटं, मग डावा हात गमावला. त्या काळी माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

वाचायचा कसा

काळ्या डागाकडे थेट धावू नका. वरून खाली या.

आधी दाताचा वरचा भाग: कीड कुठवर, जुनी फिलिंग किती खोल, तिच्याखाली काही आहे का. मग पल्प चेंबर. आरव्हीजीवर दाढेच्या वरच्या, चावायच्या टोकापासून चेंबरच्या छतापर्यंत मोजा. बहुतेक दाढांत ६ मिमीच्या आसपास येतं. तेवढ्या अंतरावर बरवर, म्हणजे ड्रिलच्या पात्यावर, खूण करा. ड्रिल त्या खुणेच्या पुढे गेलं आणि अजून ‘पोकळ’ लागलं नाही तर थांबा, फोटो काढा, नाहीतर चेंबरची जमीन फोडून दाढेच्या मुळांच्या खाचीत उतराल. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या आज्यांचे दात घासून सपाट झालेले असतात. आत नवीन डेंटिन भरत गेल्यामुळे चेंबर कागदाच्या घडीएवढं उरतं. तिथे ही खूणच वाचवते.

पुढे कॅनॉल, म्हणजे मुळातून जाणारी नसेची वाट. खालच्या उपदाढेत जाड कॅनॉल मधेच अचानक दिसेनासा झाला तर तो बंद झालेला नसतो, तिथे त्याला फाटे फुटलेले असतात. अशी उपदाढ मी दिवसाच्या शेवटच्या पेशंटला उघडत नाही. मुळाची बाहेरची रेघ दोन-दोन दिसते का बघा. खालच्या पहिल्या दाढेला जिभेच्या बाजूने तिसरं मूळ असू शकतं आणि ते अशा जोडरेषेतूनच पहिल्यांदा खुणावतं.

मग मुळाभोवतीची बारीक काळी रेघ आणि तिच्या बाहेरची पांढरी रेघ, लॅमिना ड्युरा. टोकाशी काळी रेघ रुंदावली आणि पांढरी तुटली, हे बिघाडाचं पहिलं चिन्ह. गोल डाग त्यानंतरचा. डाग टोकाशी न राहता मुळाच्या एका बाजूने इंग्रजी ‘जे’सारखा वर चढला असेल आणि तिथे एकच अरुंद, खोल पॉकेट लागत असेल, तर मूळ उभं तडकल्याचा दाट संशय घ्या. अशा दातावर दुसऱ्यांदा रूट कॅनॉल करून काही साधत नाही.

शेवटी निसर्गाच्या सावल्या, म्हणजे डागासारखी दिसणारी हाडातली नैसर्गिक भोकं आणि पोकळ्या. वर मधल्या दोन दातांमागे इन्सायझिव्ह फोरामेन, खाली उपदाढांच्या टोकांजवळ मेंटल फोरामेन, वर दाढांवर सायनस. खालच्या पुढच्या दातांशी, विशेषतः मध्यमवयीन बायकांमध्ये, हाडाच्याच एका निरुपद्रवी बदलाचे काळे गोल दिसतात आणि दात मात्र पूर्ण जिवंत असतात.

आता तो किस्सा. दवाखाना टाकून दुसरंच वर्ष. एक मावशी खाली डावीकडे दुखतं म्हणून आल्या. फोटोत ३५ च्या टोकाशी गोल काळा डाग. थंडाची चाचणी न करता मी ३५ उघडला. आत लालभडक, जिवंत, व्यवस्थित रक्त येणारी नस. डाग मेंटल फोरामेनचा होता आणि दुखणं तडकलेल्या ३६ चं. नळी जराशी सरकवून दुसरा फोटो काढला असता तर ती सावली टोकापासून सुटून बाजूला गेली असती. खऱ्या बिघाडाचा डाग कितीही कोन बदला, टोकाला चिकटून राहतो. पाच मिनिटांचं काम होतं. त्या ३५ चं रूट कॅनॉल आणि कॅप मी माझ्या खर्चाने केली, मावशींना खरं काय झालं ते सांगून. त्या अजून येतात. दर वेळी सगळ्यांसमोर विचारतात, “डॉक्टर, आज योग्य तोच दात हा ना?”

नळी सरकवा

एकावर एक आलेल्या दोन गोष्टींपैकी गालाकडची कोणती आणि जिभेकडची कोणती, हे ओळखायचा नियम क्लार्क यांनी १९१० साली मांडला. कॉलेजात आपण ‘स्लॉब’ (जिभेकडचं नळीबरोबर, गालाकडचं उलट) म्हणून पाठ करतो आणि खुर्चीपाशी विसरतो. मी तो मालवणच्या किनाऱ्यावर समजून घेतला.

किनाऱ्यावर उभे राहा. समोर जवळच एक माड, मागे पाण्यात सिंधुदुर्गाचा बुरूज, दोन्ही एका रेषेत. आता दहा पावलं उजवीकडे चाला. बुरूज माडाच्या उजव्या बाजूने बाहेर येतो, म्हणजे लांबचा बुरूज तुमच्याबरोबर आला आणि जवळचा माड उलट डावीकडे गेला. तुमचा डोळा म्हणजे एक्स-रेची नळी. माड म्हणजे गालाकडचा कॅनॉल, बुरूज म्हणजे जिभेकडचा किंवा टाळूकडचा. नळी मेझियलला नेली की टाळूकडचा कॅनॉल मेझियलला आलेला दिसेल, गालाकडचा डिस्टलला, म्हणजे मागे. गोंधळ इथे होतो: नळी कुठे *सरकली* ते धरायचं, तिचं तोंड कुठे *वळलं* ते नाही. मेझियलला सरकवलेल्या नळीचं तोंड डिस्टलकडे वळतंच.

साधारण २० अंश पुरतात. ३० च्या पुढे गेलात तर शेजारचे दात अंगावर येतात आणि सगळंच पुसट होतं. सेन्सर जागेवरच ठेवायचा, फक्त नळी हलवायची. वरच्या पहिल्या उपदाढेचे दोन कॅनॉल आणि खालच्या दाढेच्या मेझियल मुळातले दोन, हे मेझियल कोनातून सुटे होतात. केसपेपरवर ‘मे. २०’ असं लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याने तो फोटो बघताना कोणता कॅनॉल कोणता ते तुम्हालाच आठवणार नाही.

मुळाच्या आत पोकळी झाल्यासारखी दिसते तेव्हाही हीच युक्ती. कोन बदलल्यावर पोकळी कॅनॉलच्या मधोमधच राहिली तर ती आतून कुरतडलेली. कॅनॉलपासून बाजूला सरकली, आणि कॅनॉलची रेघ तिच्यातून आरपार दिसली, तर बाहेरून.

वर्किंग लेंथ

वर्किंग लेंथ म्हणजे कॅनॉल किती लांबीपर्यंत साफ करून भरायचा ते माप. रूट कॅनॉलमध्ये सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

एपेक्स लोकेटर, म्हणजे मुळाचं टोक विजेने ओळखणारं यंत्र, असेल तर पहिला शब्द त्याचा. पावसाळ्यात लाइट गेली तरी तो बॅटरीवर चालतो, हे त्याचं कोकणातलं खास पुण्य. पण कॅनॉलमध्ये रक्त-पाणी भरलेलं असलं किंवा फाइल (कॅनॉल साफ करायची सुईसारखी कानस) जुन्या चांदीच्या भरणाला टेकली की तो खोटं बोलतो, म्हणून फोटोने खात्री करतोच.

पद्धत अशी. पहिल्या सरळ फोटोवर दाताची लांबी मोजा. समजा ३६ चं मेझियल मूळ २१.५ मिमी. फोटोतला फरक धरून १ मिमी कमी करा, २०.५ वर रबर स्टॉप लावून फाइल आत घाला. फाइल किमान १५ नंबरची हवी. ८ आणि १० नंबरची टोकं फोटोत विरून जातात, आणि जी टोकं दिसत नाहीत त्यांच्यावरून लांबी मोजणं म्हणजे धुक्यात घाट उतरणं. फोटो काढा. फाइलचं टोक मुळाच्या टोकाच्या १.५ मिमी अलीकडे दिसलं तर २०.५ अधिक १.५, म्हणजे २२. त्यातून पुन्हा १ मिमी वजा, म्हणजे वर्किंग लेंथ २१. फाइल टोकापासून ३ मिमीहून जास्त दूर दिसत असेल तर आकडेमोड करत बसू नका, फाइल दुरुस्त करून नव्याने फोटो घ्या.

हा १ मिमी का सोडायचा? कॅनॉलचं तोंड मुळाच्या बरोबर टोकावर क्वचितच उघडतं. सरासरी अर्ध्या मिमीने बाजूला असतं, कधी २-३ मिमीनेही. फोटोत फाइल ‘टोकाला बरोबर’ दिसली, तेव्हा ती प्रत्यक्षात बाहेर निघालेली असू शकते. एपेक्स लोकेटर आणि फोटो यांचं पटेना, तर मी लोकेटरवर जास्त विश्वास ठेवतो, पण आधी कॅनॉल कोरडा करून पुन्हा मोजल्यावरच.

एकाच मुळात दोन कॅनॉल असतील तर एकात के-फाइल आणि दुसऱ्यात एच-फाइल घाला. फोटोत दोघींचे दाते वेगळे दिसतात आणि कोणाची लांबी कोणती हा वाद मिटतो. आणखी एक खूण: फाइल मुळाच्या मधोमध न दिसता एका बाजूला दिसली, तर दुसऱ्या बाजूला आणखी एक कॅनॉल असण्याची शक्यता फार. वरच्या पहिल्या दाढेच्या मेझियल गालाकडच्या मुळात अर्ध्याहून जास्त वेळा दुसरा कॅनॉल असतो. खालच्या पुढच्या दातांतही बऱ्याचदा. शोधला नाही म्हणून सापडला नाही, असं व्हायला नको.

रबर डॅम, म्हणजे लाळ आत येऊ नये म्हणून दाताभोवती लावलेला रबरी पडदा, फोटोसाठी काढायचा नाही. फ्रेमचा एक कोपरा सोडवून डॅम बाजूला दुमडा, आणि डॅम धरणाऱ्या क्लॅम्पला जागा ठेवणारा रूट कॅनॉलचा खास होल्डर वापरा. होल्डर नसेल तर सेन्सरच्या कव्हरचा कडेचा भाग हेमोस्टॅटमध्ये (लॉक होणाऱ्या चिमट्यात) पकडून पेशंटच्या हातात द्या. काहीजण एवढ्यासाठी डॅम लावतच नाहीत. लाळ आत गेली की पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मास्टर कोन आणि शेवटचा फोटो

साफसफाई, हायपोक्लोराइटने धुणं झालं की मास्टर कोन, म्हणजे भरणाची मुख्य गटापर्चा काडी, घालून फोटो. कोन वर्किंग लेंथपर्यंत पोचला आहे ना, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये घट्ट आहे ना, एवढंच बघायचं. आखूड राहिला तर कॅनॉलच्या तळाशी चुरा साचलाय किंवा पायरी पडली आहे. लांब गेला तर टोक मोठं झालंय, मोठ्या नंबरचा कोन बघा. खालच्या दुसऱ्या दाढेत टोकाखाली मज्जातंतूची नळी अगदी जवळ असू शकते. तिथे सीलर (भरणाचं सिमेंट) किंवा गटापर्चा बाहेर ढकलला गेला तर ओठाला महिनोन्‌महिने बधिरपणा येऊ शकतो, म्हणून त्या दाढेत मास्टर कोनचा फोटो दोन कोनांतून घेतो.

भरण झाल्यावर एक फोटो डॅम असतानाच, म्हणजे काही कमी-जास्त असेल तर तिथल्या तिथे सुधारता येतं. मग वरची फिलिंग पूर्ण झाल्यावर शेवटचा सरळ फोटो. हा पुढच्या सगळ्या तुलनांचा आधार, त्यामुळे कोन बरोबर पहिल्या फोटोसारखाच ठेवा.

किती फोटो, किती किरण

“एवढे फोटो काढलात, काय होणार नाही ना?” याचं उत्तर आकड्यांत द्या. डिजिटल सेन्सरवरचा एक आयओपीए म्हणजे साधारण ५ मायक्रोसीव्हर्ट किंवा त्याच्या आसपास. जमीन, आकाश, हवा, अन्न यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसीव्हर्ट. फोटो म्हणजे नुसतं जगण्याचा एक दिवस, असं मी सांगतो. सहा फोटो, एक आठवडा. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक सपाट फोटो) त्याहून काही पट, सीबीसीटी आणखी बरंच जास्त. ओपीजीवर रूट कॅनॉल ठरवायचं नाही, ते किरणांमुळे नाही. मुळाच्या टोकाचा बारकावा त्यात नसतो म्हणून.

गरोदर बाई वेदनेने तळमळत असेल तर गरजेचा फोटो काढता येतो. घाबरून अंदाजाने उपचार करण्याने तिचं जास्त नुकसान होतं. लेड एप्रनची गरज नाही असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं, किरणांचा झोत नीट आवळणं जास्त महत्त्वाचं हे कारण देऊन. मी तरी एप्रन काढून टाकलेला नाही. पेशंटला धीर येतो.

सीबीसीटीला कधी पाठवायचं? जुनं रूट कॅनॉल बिघडलंय आणि कॅनॉल चुकल्याचा संशय आहे, मूळ कुरतडलं गेलंय, दोन कोनांचे फोटो आणि चाचण्या एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा टोकाची शस्त्रक्रिया करायची आहे. आमच्याकडून पेशंटला यासाठी घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज. रत्नागिरीच्या उत्तरेकडच्यांना खेडचं कॉलेज जवळ. पेशंटचा एक दिवस आणि गाडीभाडं जातं, म्हणून चिठ्ठीवर दाताचा नंबर, नेमकं काय शोधायचंय आणि ‘छोटा भाग, जास्त बारकावा’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर अख्ख्या जबड्याचा धूसर स्कॅन घेऊन माणूस परत येतो.

चाकरमानी आणि वर्षभरानंतरचा फोटो

गणपतीच्या दिवसांत मुंबईकर येतात आणि गौरी-विसर्जनाच्या आत दात पूर्ण करून मागतात. काही होतात. काही अर्धवट औषध घालून तुतारी एक्स्प्रेसने परत जातात. अशांना फोटो देताना स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो देऊ नका, त्यावर पंख्याची सावली आणि ट्यूबलाइट जास्त दिसते. सॉफ्टवेअरमधून मूळ फाइल काढून पाठवा आणि सोबत दोन ओळी लिहा: दात क्रमांक, तारीख, प्रत्येक कॅनॉलची वर्किंग लेंथ आणि ती कुठल्या टोकापासून मोजली, आत कुठलं औषध आहे. दादरचा डॉक्टर तुम्हाला ओळखत नसला तरी तुमच्या पेशंटचे तीन फोटो वाचतील.

डाग असलेल्या दाताचा पुन्हा फोटो सहा महिन्यांनी आणि वर्षाने घ्यायचा. वर्षाने डाग कमी झाला पण गेला नाही, आणि पेशंटला त्रास नाही, तर घाईने पुन्हा उघडू नका; दर वर्षी बघत चार वर्षांपर्यंत वाट पाहता येते. मोठे डाग सावकाश भरतात, आणि कधीकधी हाडाऐवजी वणासारखी ऊती भरून एक बारीक काळा ठिपका कायमचा राहतो. डाग वाढतोय, किंवा नवा आलाय, तर मात्र कॅनॉल चुकला का, कॅप गळतेय का, मूळ तडकलंय का, या क्रमाने शोध.

‘सहा महिन्यांनी या’ म्हटलं तर कोणी येत नाही, हे मला दहा वर्षांनी कळलं. आता माझ्या वहीत तारखांच्या जागी सण आहेत. गणपतीत दात झाला तर पेशंटला सांगतो शिमग्याला दाखव, आणि मग पुढच्या गणपतीत. शिमग्याच्या आठवड्यात सकाळी नऊ ते अकरा मी दुसरं काही ठेवत नाही, फक्त जुन्या दातांचे फोटो. एक फोटो, दोन मिनिटं, पैसे नाहीत. गेल्या वर्षीचा फोटो शेजारी लावून स्क्रीन पेशंटकडे वळवतो. काळा डाग बारीक झालेला दिसला की फोटो कित्याक, असं परत कोणी विचारत नाही.